एक, नऊ नव्हे

सकाळी ८

पलंगाखाली चारशे पर्चे उरलेत. इथं पत्रकाला पर्चाच म्हणतात, आणि वर्षभरात मलाही तेच तोंडी बसलंय. आज २० मार्च २०२४, बुधवार. प्रचाराचा शेवटचा दिवस. रात्री अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादविवाद, उद्या ‘नो कॅम्पेन डे’, परवा शुक्रवारी मतदान. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला मी भाषा संस्थेतून काउन्सिलर म्हणून उभी आहे. अपक्ष. म्हणजे मागं डफली नाही, झेंडा नाही. दोन मैत्रिणी, एक रूममेट, आणि पायात कोल्हापुरी, तिचाही अंगठा काल तुटलाय. सेफ्टी पिन लावून चालवतेय.

मोठी पदं चार: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, सहसचिव. टीव्हीवर दिसतात ती यांची भांडणं. काउन्सिलरकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. फेलोशिपचा कागद अडला, परीक्षेच्या तारखा एकमेकींवर आल्या, नव्या पोराला फॉर्म कळेना, की ज्याच्या दारावर थाप पडते तो काउन्सिलर. मला तेच काम हवंय. कॅमेऱ्यापुढं माझं हिंदी लटपटतं, हेही खरं.

आईचा फोन.

“काय करायलीस?”

“निघाले प्रचाराला.”

“खाऊन जा. आन् कुणाच्या पाया-बिया पडू नको.”

आमच्याकडं निवडणूक म्हटलं की काका आठवतात. ग्रामपंचायतीला दोन मतांनी पडले. ती दोन मतं कुणाची, याचा शोध घरात अजून चालू आहे आणि संशयितांच्या यादीत एक सख्खी आत्याही आहे. त्यामुळे मी उभी राहिले हे कळल्यावर आईला आनंदापेक्षा काळजीच जास्त. आजीची काळजी वेगळी. मी कोयना वसतिगृहात राहते असं सांगितलं तेव्हापासून तिचं एकच: “कोयनेत नको गं बाई, तिथं भूकंप झालता.” इथल्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत, हे तिला तीनदा सांगितलं. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप तिच्या डोक्यात एकच होऊन बसलेत. गोदाकाठची पोरगी गोदावरी वसतिगृह सोडून कोयनेत कशी, हा तिचा दुसरा प्रश्न. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

साडेनऊ

भाषा संस्थेत वर्गप्रचार. दाराशी थांबायचं, शिकवणाऱ्यांकडं बघायचं, त्यांनी मान हलवली की आत शिरून दोन मिनिटं बोलायचं. काही प्राध्यापक घड्याळ बघतात, काही खुर्ची ओढून बसतात आणि आपल्याकडं असं बघतात की वाटावं, तोंडी परीक्षाच चाललीय.

या इमारतीत एका मजल्यावर रशियन, कोरियन, फारसी, स्पॅनिश असं काय काय ऐकू येतं. मी भाषाविज्ञानाची, एम.ए.चं दुसरं वर्ष. सगळ्या भाषांबद्दल बोलता येतं, बोलता एकही येत नाही. म्हणून माझं दोन मिनिटांचं भाषण साध्या हिंदीत आहे: नाव, गाव, तीन मागण्या, आणि शेवटी, आपल्या संस्थेतून पाच काउन्सिलर निवडायचेत, पाचांतलं एक मत मला द्या.

पाचांतलं एक मागणं सोपं असतं असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी घशातून शब्द निघेना. आमच्या घरात मागणं वाईट. शेजारून वाटीभर साखर आणायची तर आई मला सांगायची, मागू नको, “आईनं दिलीय का विचारलंय” म्हण. मत मात्र असं आडून मागता येत नाही.

आठवडाभरात मला ‘हो’चे प्रकार ऐकू यायला लागलेत. ‘बिलकुल’ एकदा आलं तर आशा धरावी, ‘बिलकुल, बिलकुल’ असं दोनदा आलं तर सोडून द्यावं. ‘आपको नहीं तो किसको’ म्हणणारा सगळ्यांना तेच म्हणतो. ‘देखते हैं’ म्हणजे आपलं ‘बघू की’, आणि मराठीत ‘बघू’ म्हणजे काय ते चार वर्षांच्या पोरालाही कळतं. खरा मतदार बहुधा पर्चा घेतो, घडी घालतो आणि पुस्तकात ठेवतो. बोलत नाही.

फारसीच्या वर्गातून बाहेर पडले तर एक मल्याळी मुलगा मागनं आला. त्याचा माझ्याशी काही संबंध नाही, तरी दोन दिवसांपूर्वी लायब्ररीत त्यानं माझा पर्चा शब्दन् शब्द वाचला होता.

“डोन्ट वरी,” तो म्हणाला. “नंबर नाइन. आय हॅव टोल्ड माय फ्रेंड्स ऑल्सो.”

“वन,” मी म्हटलं. “माझा नंबर वन आहे.”

त्यानं पुस्तकातून घडी घातलेला पर्चा काढला आणि माझ्यापुढं धरला. वर ठळक, मी स्वतः जाड पेनानं काढलेला आकडा: १. देवनागरी एक. त्याच्या डोळ्यांनी बघितलं तर इंग्रजी नऊ. वरची गोल गाठ, खाली ओढलेली शेपटी. दुसरं काही दिसूच शकत नाही.

लिपीशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क होते.

११.१०

कँटीनच्या कट्ट्यावर पर्च्यांचा ढीग आणि तीन मार्कर. प्रत्येक आकड्याखाली इंग्रजीत ‘वन’ लिहायचं. पहिल्या पन्नासांत अक्षर सुंदर येतं, पुढं ‘ओ’ गळायला लागतो. सहाशे पर्चे आधीच वाटून झालेत. ते परत कुठून आणणार? हिंदी, उर्दू, बंगालीवाल्यांना कळलं असेल. बंगालीतला एक आपल्या एकासारखाच दिसतो. पण तमिळ, मल्याळी, तेलुगू, मणिपुरी? त्यांच्यासाठी गेले चार दिवस मी नऊ नंबरचा प्रचार करतेय.

नऊ नंबर खुद्द चहा घ्यायला आली. संघटनेची उमेदवार, हजरजबाबी मुलगी. सगळा प्रकार ऐकून तिनं कट्ट्यावर हात टेकले आणि हसली.

“कितने बाँट दिए?”

“छह सौ.”

“तो रहने दो ना.”

हे सगळं हातानं का? कारण नियम. २००६ मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीनं देशभरातल्या विद्यार्थी निवडणुकांसाठी शिफारशी केल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या लागू केल्या. उमेदवाराला खर्च पाच हजारांपर्यंत. छापील पोस्टर, छापील पत्रक बंद. हजेरी पंच्याहत्तर टक्के हवी. प्रचाराला लाउडस्पीकर, वाहनं आणि जनावरं वापरायची नाहीत. जनावरं! हे कलम लिहिताना समितीपुढं कुठल्या विद्यापीठाची मिरवणूक होती कोण जाणे. आमच्या कॅम्पसात नीलगायी मोकळ्या फिरतात, पण अजून तरी कुणाच्या प्रचाराला लागलेल्या दिसल्या नाहीत.

नियमांचा या विद्यापीठाला चटका बसलाय. लिंगडोहच्या अटी इथं पाळल्या जात नाहीत म्हणून २००८ मध्ये न्यायालयानं निवडणुकीला स्थगिती दिली आणि पुढची निवडणूक थेट मार्च २०१२ मध्ये झाली. त्यानंतर २०१९ पर्यंत वर्षाच्या वर्षाला. मग कोविड, आणि कोविड सरल्यावरही २०२४ उजाडावं लागलं. म्हणजे आज एम.ए.ला असलेल्या बहुतेकांनी इथलं मतदान पाहिलेलं नाही. कागद कसा भरायचा, मतपेट्यांपाशी कुणी बसायचं, मेसमध्ये कधी बोलायचं, हे सगळं पीएच.डी.ची वर्षं लांबलेल्या दादा-दीदींकडून शिकायचं. त्यांचे प्रबंध वेळेत संपले असते तर आम्ही आंधळेच. निवडणूक घेतो तो आयोगही विद्यार्थ्यांचाच. आयोगात बसलेला पोरगा माझ्याच बसनं, ६१५ नंबरनं, मुनिरकापर्यंत येतो. उमेदवारी अर्ज भरल्यापासून मात्र ओळख देत नाही, मान वळवून खिडकीबाहेर बघतो. मला ते आवडतं.

नांदेडला बी.ए. करताना मी एकदाही मत दिलं नाही. वर्गात ज्याला जास्त मार्क तो सी.आर. आमचा सी.आर. भला मुलगा, तीन वर्षांत त्याचा आवाज मी दोनदा ऐकला, दोन्ही वेळा ‘प्रेझेंट सर’. वडिलांच्या पिढीला विचारलं की ते जी.एस.च्या इलेक्शनच्या गोष्टी सांगतात: पॅनेलं, भिंती रंगवणं, मतदानाच्या आदल्या दिवशी सी.आर. लोकांना गाडीत घालून सहलीला नेणं. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. मग १९९४ चा विद्यापीठ कायदा आला आणि निवडणुकीच्या जागी गुणपत्रिका बसली. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या. मी बी.ए.ला असताना, २०१९ मध्ये, आता होणार असं ठरलंही होतं. विधानसभेची निवडणूक आहे म्हणून ती पुढं ढकलली. मी तेव्हा मैत्रिणीसाठी घोषणा लिहून ठेवल्या होत्या. त्यांतली एक अजून बरी वाटते.

तीनशे चाळीस झाले. मार्कर सुकला.

दुपारी दीड

जेवण उभ्या उभ्या. दाल-भात, लोणचं.

साडेतीन

लायब्ररीच्या बाहेर एक संशोधक बसलेला असतो. भाषाविज्ञानाचाच, मला चार वर्षं सीनियर. त्याला आठवडाभर टाळत होते, कारण त्याला ‘बिलकुल’ म्हणता येत नाही हे मला माहीत होतं. आज टाळायला वेळच उरला नाही.

पर्चा दिला. त्यानं पुढची बाजू वाचली, उलटून मागची वाचली. मागची बाजू आजवर कुणी वाचलेली मी पाहिली नव्हती. तिथं मी तीन मागण्यांचा हिशेब मांडला होता: कुठल्या कार्यालयात जायचं, कुणाची सही लागते, अर्ज कुठवर पोचलाय.

“मैं नहीं दूँगा,” तो म्हणाला.

मी नुसतीच उभी राहिले.

“बसो.”

बसले. तो म्हणाला, काम तू करशील, याबद्दल शंका नाही. पण समज, अर्ज देऊन काही झालं नाही. दुसरा अर्ज दिला, तरी नाही. मग? मग तुला पन्नास माणसं घेऊन दाराशी बसावं लागेल. रात्री. थंडीत. ती पन्नास माणसं तू कुठून आणशील? संघटना वाईट असतात, हट्टी असतात, एकमेकांचे मुडदे उकरतात, पण रात्री अकराला फोन केला तर पन्नास माणसं येतात. तुझ्याकडं कोण येईल?

“दोन मैत्रिणी आणि रूममेट,” मी म्हटलं.

तो हसला नाही.

मी म्हटलं, संघटनेत असते तर पर्च्याच्या मागच्या बाजूला हिशेब लिहू दिला असता का? तिथं जागा पॅलेस्टाइनला, दिल्ली सरकारला, विरोधकांच्या पापांना गेली असती. तो म्हणाला, गेली असती, आणि गेली पाहिजे. या विद्यापीठात पोरं फक्त पंख्यासाठी मत देत नाहीत. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये इथल्या पोरांनी इंदिरा गांधींसमोर उभं राहून त्यांच्या कुलपतिपदाच्या राजीनाम्याची मागणी वाचून दाखवली होती. वाचणारे सीताराम येचुरी, संघाचे अध्यक्ष. ती मागणी कुठल्या फॉर्मवर करतात?

त्यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. एवढंच म्हणाले की बाईंनी राजीनामा दिला, पण दुसऱ्या दिवशी वसतिगृहाचा कागद कुणीतरी भरलाच असेल ना, त्याचं नाव कुणाला माहीत आहे? तो म्हणाला, नाही. मग दोघंही जरा वेळ सावरीखाली पडलेल्या लाल, जाड पाकळ्यांकडं बघत बसलो. अशी वीस मिनिटं गेली, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, न मिळणाऱ्या एका मतासाठी. निघताना त्यानं पर्चा परत दिला नाही. घडी घालून पुस्तकात ठेवला.

माझं ‘हो’चं शास्त्र तिथंच निकालात निघालं.

साडेसहा

गंगा ढाबा. रमजान चालू आहे. अजान झाली तसा रूममेटनं खजूर फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता ती माझ्याबरोबर फिरलीय, आणि एकदाही ‘दमले’ म्हणाली नाही. मी पाच वेळा म्हणाले. दगडांवर सगळ्या रंगांचे लोक बसलेत. सकाळी एकमेकांविरुद्ध घोषणा देणारे दोघं एकाच प्लेटमधली भजी खातायत.

रात्री ८ ते साडेनऊ

मेस-प्रचार. या विद्यापीठातली निवडणूक जिंकायची कुठं, असं मला विचारलं तर मी सांगेन, रोटी आणि दुसऱ्या वाढीच्या मधल्या तीन मिनिटांत. लोक रांगेत असताना बोललं तर ऐकत नाहीत. जेवून उठताना बोललं तर चिडतात. ताटात पहिली रोटी पडली, पोटाला धीर आला, अजून गप्पा सुरू व्हायच्यात, तो क्षण पकडायचा. चमचा स्टीलच्या ग्लासवर तीनदा वाजवायचा. माइक नसतोच. खुर्चीवर चढायचं, आणि आवाज वरच्या पट्टीत न्यायचा नाही. वरच्या पट्टीत मुलीचा आवाज फाटतो आणि लोक हसतात. खाली, पोटातून. हे मला कीर्तन ऐकून माहीत होतं, इथं कामाला आलं.

पहिल्या मेसमध्ये मी आकडा उच्चारलाच नाही. नुसतं एक बोट वर केलं. ‘यह वाला.’ बरं गेलं. दुसऱ्या मेसमध्ये सगळी गोष्ट सांगून टाकली: देवनागरी एक, इंग्रजी नऊ, सहाशे पर्चे, आणि भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी. मेस खदखदून हसली. वाढणारे भैया पण थांबले. हसणारा माणूस मत देतो की नाही, ठाऊक नाही, पण मान वर करून बघतो, आणि साडेआठच्या सुमाराला तेवढं मिळालं तरी भरपूर. तिसऱ्या मेसमध्ये गोष्ट माझ्याआधीच पोचली होती. खुर्चीवर पाय ठेवला तोच कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, “नाइन!” आणि चार-पाच टेबलांवरनं उत्तर आलं, “वन! वन!” मी तीन मिनिटांचं भाषण दीड मिनिटात आटपलं. मागण्यांतली तिसरी विसरलेच.

चौथ्या मेसला जाताना सेफ्टी पिन सुटली. पुढचा प्रचार एका चपलेवर. खुर्चीवर चढल्यावर पाय कुणाला दिसत नाहीत.

साडेअकरा

झेलमचं मैदान. अध्यक्षपदाचे आठ उमेदवार ओळीनं बसलेत. आधी प्रत्येकाचं भाषण, मग त्यांचे एकमेकांना प्रश्न, मग आमचे. मध्ये डफल्या, घोषणा, एकमेकांचे झेंडे झाकण्याची चढाओढ. ज्यांना बसायला जागा नाही ते झाडावर. या संघाचे साडेसात हजारांहून जास्त मतदार, आणि आज ते सगळे इथंच आहेत असं वाटतं.

माझं इथं काम काहीच नाही. काउन्सिलरला मंच नसतो. तरी कडेकडेनं फिरत राहिले. उरलेले पर्चे साठ. ‘वन’ लिहिलेले. घोषणांच्या गदारोळात कुणाच्या कानात काही सांगणं अशक्य, म्हणून नुसता कागद पुढं करायचा आणि एक बोट दाखवायचं. एकानं उलट नऊ बोटं दाखवली. मागनं ओळखीची हाक आली, “ए नांदेड!” यवतमाळचा एक, समाजशास्त्राचा. त्याचं मत माझ्या संस्थेत नाही, तरी तो शेवटचे वीस पर्चे घेऊन पुढच्या घोळक्यात शिरला. आपल्याकडचा माणूस परगावी भेटला की कामाला लागतो, हे मात्र खरं.

मंचावर कुणीतरी हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाचं नाव घेतलं, मैदान गप्प झालं. मग कुणीतरी दुसरं काही बोललं, मैदान पेटलं. सात मिनिटं घोषणाच. दुपारच्या संशोधकाला मी लांबून पाहिलं. डफली त्याच्या हातात होती. त्याच्या भोवती पन्नास माणसं होती, मी मोजली. थोडी जास्तच निघाली.

पहाटे ४.१०

खोली. रूममेट सेहरीला उठलीय, दह्यात साखर घालतेय. मला विचारतेय, काही खाशील का. माझ्या टाचेला फोड आलाय आणि आवाज गेलाय. आता मतदानापर्यंत कुणाकडं काही मागायचं नाही. नियमच आहे.

वहीत खर्च लिहितेय. निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत हिशेब द्यावा लागतो, आणि माझी आठवण दोन दिवसांवर टिकत नाही. पोस्टरचे कागद, रंग, खळ: ३१० रुपये. झेरॉक्स, एक हजार पर्चे: १,००० रुपये. मार्कर तीन: ९० रुपये. एकूण १,४००. पाच हजारांतले ३,६०० शिल्लक. इतका स्वस्त उमेदवार आमच्या काकांनी ऐकला तर त्यांना खरं वाटणार नाही.

चहाचं काय करायचं, ते कळत नाही. आठवड्यात साठेक चहा झाले असतील. अर्धे मी पाजले, अर्धे मला पाजले गेले. दुपारचा एक त्या संशोधकानं पाजला. तो विरोधी मतदाराचा म्हणून कुठल्या रकान्यात घालायचा?

“चप्पल लिही,” रूममेट म्हणाली.

चप्पल खर्चात धरता येते का, ते सकाळी आयोगाच्या पोराला विचारायला हवं. तो ओळख देईल तर.